मॅनिफोल्डची चावी कुणाकडे? छोट्या इस्पितळाने साथीआधी करायची तयारी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका 40 खाटांच्या इस्पितळाने दोन वर्षांपूर्वी मला बोलावलं. पुन्हा साथ आली आणि खाटा, ऑक्सिजन, मशिनं कमी पडली, तर कुणाला आधी द्यायचं याची योजना त्यांना लिहून हवी होती. टेबलावर एक योजना तयारच होती. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाची, इंटरनेटवरून उतरवलेली, 22 पानं, फक्त वरचं नाव बदललेलं. पानोपानी व्हेंटिलेटर. इस्पितळाकडे व्हेंटिलेटर दोन, त्यातला एक दुरुस्तीला गेलेला.

मी ती पानं बाजूला सारली आणि म्हटलं, रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला बोलवा. डॉक्टर जरा बुचकळ्यात पडले. पोरगा आला, दारातच उभा राहिला. "रात्री अडीचला सिलिंडर संपत आले तर काय करतोस रे?" म्हणाला, "मॅनिफोल्डच्या खोलीची चावी स्टोअरच्या भाऊंकडे असते. त्यांना फोन लावतो." (मॅनिफोल्ड म्हणजे बरेच सिलिंडर एकत्र जोडून नळीने वॉर्डात ऑक्सिजन पोचवणारी जोडणी.) भाऊ राहतात कुठे? "केरीला."

डिचोलीला केरीहून, पावसात, रात्री अडीचला. कुणी काही बोललं नाही. योजनेचं पहिलं वाक्य आम्ही तिथेच लिहिलं: चावी ड्यूटीवरच्या सिस्टरकडे राहील, हँडओव्हरच्या वहीत तिची नोंद होईल.

मी 34 वर्षं नर्स होते, शेवटची 9 वर्षं वॉर्ड सिस्टर. सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाचे दिवस पाहिले, कोविडच्या दोन्ही लाटा पाहिल्या. नैतिकतेचं शास्त्र मी शिकलेले नाही. पण एक अनुभवाने कळलं. ज्याला आपण "कुणाला वाचवायचं" असा मोठा प्रश्न म्हणतो, तो पुष्कळदा संध्याकाळी सहाला न केलेल्या हिशेबाचा प्रश्न असतो. म्हणून आधी हिशेब, मग निवड. तरीही निवड करायची पाळी आलीच, तर ती खाटेशी उभ्या असलेल्या माणसावर सोडायची नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी मोजा

ऑक्सिजनपासून सुरुवात करा. एका जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर, म्हणजे 7000 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटरने एका पेशंटला तो साडेअकरा तास पुरतो. 15 लिटरने पावणेआठ तास. हाय-फ्लो मशीन, म्हणजे नाकातून जोराच्या झोताने ऑक्सिजन देणारं यंत्र, मिनिटाला 60 लिटर खायला लागलं, तर दोन तासही नाही. वॉर्डात 10 लिटरवाले 20 पेशंट असतील तर तासाला 12,000 लिटर लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा, 96,000. म्हणजे 14 जंबो. सिलिंडर अगदी तळापर्यंत वापरता येत नाही, थोडी गळतीही असते, म्हणून मी 17 धरते.

आता मॅनिफोल्डकडे बघा. डावीकडे 6, उजवीकडे 6 असतील तर एक बाजू साडेतीन तास चालते. दहाला भरलेली बाजू लावली की ती दीडला संपणार, दुसरी पाचला. पाचनंतर काय? म्हणजे दीड ते पाचच्या मधे रिकामे 6 उतरवून भरलेले 6 चढवायला माणसं हवीत. जंबो सिलिंडर हे एकट्याने हलवायचं काम नव्हे, आणि घाईत जोडलेल्या सांध्यातून वायू सुसाट बाहेर जातो. मे 2021 मध्ये गोव्यातल्या ऑक्सिजनचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला, तेव्हा बोलणं मध्यरात्रीनंतरच्या नेमक्या या तासांचं होतं. हे तास तुमच्या कागदावर घड्याळासकट लिहिलेले असू द्या: कधी बदल, कोण दोघं, पाना कुठे.

मग वाया काय जातं ते बघा. सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, 99 आणि फ्लो मिनिटाला 10 लिटर, असा पेशंट दिसला की समजा तिथे ऑक्सिजन वाया जातोय. आपल्याकडच्या कोविड उपचारांच्या सूचनांत 92 ते 96 पुरेसं म्हटलं होतं, सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात 88 ते 92. पण काटेकोर 92 वर आणून ठेवू नका. सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, बोट गार असेल तर त्याचा मुळीच भरवसा नाही. मी 94 धरायची. दर चार तासांनी एक सिस्टर फक्त फ्लो बघत फिरेल असं ठरवा. 20 पेशंटांचे दोन-दोन लिटर कमी झाले की रात्रीत जवळजवळ तीन जंबो वाचतात. जेवायला मास्क काढून उशाशी ठेवलेला आणि फ्लो चालूच, हे दृश्य ज्या वॉर्डात दिसत नाही तो वॉर्ड मला दाखवा. सोसवेल त्याला पालथं झोपवा. त्याला पैसा लागत नाही.

माणसंही मोजा. खाट म्हणजे गादी नव्हे. दुसऱ्या लाटेत गाद्या एका दिवसात आल्या, मॉनिटरही आले, ते वाचणारी माणसं आली नाहीत. अतिदक्षता विभागात काम केलेल्या सिस्टर तुमच्याकडे किती, त्यातल्या किती जणींच्या घरी लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे, हे आत्ताच विचारून ठेवा. साथीत त्यातल्या निम्म्याच येतील असं धरून चाला.

तंगी कधी म्हणायची

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये तीन पायऱ्या मांडल्या, त्या मला सोयीच्या वाटतात. मी त्यांना साधे दिवस, ओढाताण आणि तंगी म्हणते. ओढाताणीत आपण काटकसर करतो, दुसरी औषधं वापरतो, ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. पण कुणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणणं फक्त तंगीत. म्हणून तंगी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे वेळ टाकून, सही करून लिहिलं पाहिजे.

आमचं ठरलं ते असं: साठा 24 तासांच्या खाली गेला की ओढाताण, 8 तासांच्या खाली गेला आणि गाडी निघाल्याचा निरोप नसेल तर तंगी. हे आकडे तुमच्या पुरवठादाराचं अंतर बघून बदला. तंगी जाहीर करणार इस्पितळाचे प्रमुख, आणि दर 12 तासांनी पुन्हा सही. सही केली नाही तर तंगी आपोआप संपली. ही अट मी हट्टाने घातली. एकदा तंगी म्हटलं की ती अंगवळणी पडते, आणि मग नाही म्हणणं सोपं होतं.

त्याआधी फोन. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ. चारही ठिकाणी विचारल्याची वेळ आणि पलीकडे कोण बोललं त्याचं नाव वहीत हवं. म्हापशात खाट रिकामी असताना डिचोलीत कुणाला नाकारलं, तर त्याला नैतिक निर्णय म्हणू नका. तो आळस.

कोण ठरवणार

मे 2021 ची एक रात्र सांगते. इस्पितळाचं नाव नको. हाय-फ्लो मशीन एक मोकळं झालं होतं आणि माणसं दोन. एक 71 वर्षांचे निवृत्त मास्तर, जवळच्याच गावचे. दुसरा 38 वर्षांचा, बिहारहून आलेला, औद्योगिक वसाहतीत काम करणारा. डॉक्टर 26 वर्षांचा मुलगा, सलग तिसरी रात्र. माझ्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, मास्तर आधी आलेत, त्यांना लावा.

आधी आले होते हे खरं. पण मी ते म्हटलं त्याचं कारण निराळं. मास्तरांची सून काचेच्या दाराबाहेर उभी होती, हातात थर्मास घेऊन, आणि दुसऱ्यासाठी तिथे कुणी नव्हतं. सकाळी मला तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा होता. त्या दोघांचं पुढे काय झालं ते लिहीत नाही. त्यावरून माझा निर्णय बरोबर होता की चूक हे ठरवायला लोकांना फार आवडतं, आणि ते तसं ठरत नाही.

म्हणून तीन माणसं नेमा, प्रत्येकाला एक बदली. एक अनुभवी डॉक्टर, जो त्या पेशंटवर उपचार करत नाही. एक वरिष्ठ सिस्टर, त्या वॉर्डातली नसलेली. आणि एक बाहेरचं माणूस. त्यांच्यापुढे नाव, गाव, धर्म, धंदा जाणार नाही. फक्त नंबर आणि आजाराचे आकडे. खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरने आपल्या पेशंटसाठी भांडायचं, एवढंच त्याचं काम. दोन्ही कामं एकाच्या डोक्यावर टाकली की ते पोर मोडतं. मी पाहिलंय.

बाहेरचं माणूस कोण यावर आमचा दीड तास गेला. कुणी म्हणालं सरपंच, कुणी म्हणालं देवस्थानचे अध्यक्ष. मी दोन्हीला नाही म्हटलं. ज्याला पुढे मतं मागायची आहेत किंवा ज्याच्या दारी लोक रोज काही मागायला येतात, त्याला हे झेपणार नाही. शेवटी निवृत्त मुख्याध्यापिका मिळाल्या, कुणाचंही ऐकून न घेण्याबद्दल तालुक्यात प्रसिद्ध.

अशा समितीवर भोळा भरवसाही नको. 1960 च्या दशकात सिएटलमध्ये डायलिसिसची मशिनं मोजकी होती, तेव्हा गावातल्या नागरिकांची समिती पेशंट निवडायची. माणसाचं उत्पन्न किती, शिक्षण किती, चर्चमध्ये जातो का, हेही ती बघायची. 1962 मध्ये ते छापून आलं आणि लोक हादरले. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना काय बघायचं ते लिहून दिलेलं नव्हतं, मग जो तो आपल्यासारख्याला निवडणार.

काय बघायचं, काय नाही

बघायचं एकच: हा उपचार मिळाला तर हा माणूस या आजारातून उठण्याची शक्यता किती, आणि न मिळाला तर किती. जो न मिळताही बरा होईल त्याला थांबवता येतं, हे लोक विसरतात.

त्यासाठी सोफा नावाची गुणपद्धत वापरतात. फुप्फुस, रक्तदाब, यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट आणि शुद्ध, प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 24. जितके गुण जास्त तितकी तब्येत वाईट. कागदावर छान दिसतं. पण रात्री दोनला तुमच्या इस्पितळात बिलिरुबिन, म्हणजे यकृतासाठीची रक्ततपासणी, करून मिळतं का? नसेल तर जे तपासता येतं तेवढ्यावरच तुमचा तक्ता बांधा, आणि सगळ्यांना तोच लावा. 7 आणि 8 मधल्या फरकाला काही अर्थ नाही. तीन गट करा, पुरे. ज्याचं क्रिएटिनिन वर्षानुवर्षं चढलेलंच आहे, त्याला त्या चढलेल्या आकड्याचे गुण लावू नका, नाहीतर मूत्रपिंडाचा प्रत्येक जुना पेशंट रांगेत आपोआप मागे जाईल.

वय एकट्याने कारण होऊ शकत नाही. अपंगत्व तर नाहीच. मार्च 2020 मध्ये इंग्लंडच्या नाइस संस्थेने म्हातारपणाचा थकवा मोजायची 1 ते 9 ची मोजपट्टी सुचवली, आणि काही दिवसांतच खुलासा करावा लागला की 65 च्या आतल्यांना, किंवा ज्यांचं अपंगत्व कायमचं आणि स्थिर आहे त्यांना ती लावू नका. चाकाच्या खुर्चीतला तिशीचा माणूस त्या पट्टीवर थकलेला म्हातारा ठरत होता.

पैसा, जात, धर्म, ओळख, विमा, ही नावं लिहून काढा. लिहिलेलं असलं की नकार द्यायला बळ मिळतं. आपल्याकडे आणखी एक लिहावं लागतं: राहण्याचं ठिकाण. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची माणसं वर्षानुवर्षं बांबोळीला येतात. कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांत कर्नाटक, बिहार, ओडिशाची माणसं आहेत. साथीत "आधी गोंयकार" असा सूर निघतोच. बिलाचा हिशेब निराळा असू शकतो. दम लागलेल्या माणसाचं रेशनकार्ड बघायचं नाही, एवढं मी त्या कागदात लिहवून घेतलं. त्यावर एक डॉक्टर अजून माझ्यावर नाराज आहेत.

"आधी आला त्याला" हा नियम सगळ्यांना न्यायाचा वाटतो. मलाही वाटला होता. पण आधी कोण येतो? ज्याच्या दाराशी गाडी आहे तो. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या वाड्यावरची बाई शेवटची बस चुकली की सकाळीच येणार.

मग गुण सारखे झाले तर? चिठ्ठी. हे ऐकून सगळे दचकतात. आपण देवळात कौल लावतो, उजवा मिळाला की लग्नं ठरवतो, आणि इथे मात्र चिठ्ठी म्हणजे जुगार वाटतो. सारख्या मापाच्या दोन चिठ्ठ्या, एकाने घडी घालायची, बाहेरच्या सदस्याने उचलायची, वेळ लिहून दोन्ही पाकिटात बंद. नुसता अंदाज केला असता तर माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा थर्मासवाली सून आली असती. चिठ्ठीला ती दिसत नाही.

डॉक्टर-नर्सना आधी द्यावं का? लस आणि संरक्षक पोशाख, हो, आणि त्यात झाडूवाली मावशी व सिलिंडर चढवणारा पोरगाही धरा. मशीन, माझ्या मते नाही. मशीनवर गेलेली सिस्टर काही पुढच्या आठवड्यात ड्यूटीवर येत नाही. याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. तुम्ही काय ठरवता ते लाट येण्याआधी ठरवा, कुणी सहकारी आजारी पडल्यावर नको.

लावलेलं काढणं

इथे जपून. मशीन लावतानाच घरच्यांना सांगा की हा ठराविक मुदतीचा प्रयत्न आहे: तीन दिवसांनी, पाच दिवसांनी, जी मुदत डॉक्टर ठरवतील तेव्हा पुन्हा बघू. पण दुसऱ्याला द्यायचं म्हणून एकाचं काढणं ही वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आणि 2023 मध्ये सोप्या केलेल्या अटी या पेशंटच्या स्वतःच्या इच्छेच्या आणि हिताच्या आहेत. मशीन दुसऱ्याला हवंय हे कारण त्यात बसत नाही. म्हणून योजनेचा हा भाग वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

ज्याला मशीन मिळालं नाही त्याचं काय, यावर त्या 22 पानांत अर्धं पान होतं. आम्ही पूर्ण पान केलं. दम कमी करणारं औषध, पंखा, तोंड ओलं ठेवणं, खाटेशी एक माणूस, घरच्यांशी व्हिडिओ कॉल. मॉर्फीन ठेवायला मान्यता लागते, तो अर्ज साथ नसताना करा. "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य वॉर्डात बंद. त्याऐवजी हे, वरिष्ठ माणसाने, बसून सांगायचं: "तुमच्या बाबांना आत्ता हे मशीन देता येत नाही. मशीन एकच आहे. हे तिघांनी मिळून ठरवलंय, मी एकटीने नाही. त्यांचा ऑक्सिजन चालू राहील, दम लागू नये म्हणून औषध देतोय, आणि सहा तासांनी पुन्हा बघणार आहोत." कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड, चारही भाषांत लिहून ठेवा, कन्नड लिहायला आमच्याकडे कँटीनवाल्याची मदत घेतली. नातेवाइकांना आकडे चुकलेत असं वाटलं तर ते तपासून घ्यायची सोय हवी, तासाभरात. नियमावर वाद नंतर.

फोनवही

आमदारांचा फोन येणार, त्यांच्या पीएचा येणार, ट्रस्टींच्या मेहुण्याचा येणार. त्यासाठी एक वेगळी वही ठेवा, लाल पुठ्ठ्याची. फोन आला की आधी नाव विचारायचं, मग वेळ, मग "काय सांगू लिहून?" सगळं नम्रपणे. मी हे 2021 मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केलं होतं. तिसऱ्या दिवसापासून फोन विरळ झाले. एका साहेबांनी तर "राहू दे, राहू दे" म्हणून स्वतःच ठेवून दिला.

सराव

योजना झाली की एका रात्री खरंच करून बघा. डिचोलीत आम्ही चिठ्ठ्यांवर 6 पेशंट लिहिले आणि रात्री एकला तिघांना फोन लावले. डॉक्टरांचा फोन सायलेंटवर. मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्या रिंगला उचलला आणि पहिलाच प्रश्न विचारला: "चौथ्या नंबरचे गुण कुणी काढले? लघवीचं माप लिहिलेलंच नाही." खरंच नव्हतं. सिलिंडरची बाजू बदलायला 25 मिनिटं लागली, कारण पाना एकच आणि तो जनरेटरच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी दोन पाने आणले, एक साखळीने भिंतीला बांधला.

आता ती योजना 5 पानांची आहे. दरवर्षी चवथीच्या आधी बाहेर काढतात, सराव करतात. शेवटचं पान फक्त फोन नंबरांचं, ते पेन्सिलीने लिहिलंय. माणसं बदलतात. स्टोअरचे भाऊ मार्चमध्ये निवृत्त झाले.